लेख इथे, वाचक तिथे

उत्साही : लिहून ब्लॉगवर ठेवलं की आपलं काम संपलं, वाचक यायचा तेव्हा येईल, असं तुम्ही म्हणता. मला हे मान्य नाही. ब्लॉगला संपादक नसतो, वर्गणीदार नसतात, वितरक नसतो आणि एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर तो टांगलेलाही नसतो. छापील लेखनामागे ही सगळी माणसं उभी असतात. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकाला वर्षातून एकदा तरी घराघरांत नेणारी वाट तयार झाली. ब्लॉग लिहिणाऱ्याला अशी आयती वाट नाही. त्यानं फेसबुकवर, इन्स्टाग्रामवर, एक्सवर, व्हॉट्सअ‍ॅपवर जाऊन ‘मी हे लिहिलंय, वाचा’ असं सांगितलं तर त्यात कमीपणा कसला? मराठी माणूस दिवसाचा कितीतरी वेळ फोनवरच्या या चार-पाच ठिकाणी असतो. तो जिथे आहे तिथे आपण जायचं नाही, आणि मग मराठीत वाचक उरला नाही अशी खंत करायची, हे मला अन्यायाचं वाटतं. वाचकावरही आणि आपल्या लेखनावरही.

साशंक : सांगायला माझी हरकत नाही. सांगण्याची जी जागा आपण निवडली, तिनं आपलं काय केलं ते मला पाहायचं आहे. मराठी ब्लॉग जोमात होते त्या काळात वाचक लेखापर्यंत येण्याच्या वाटा वेगळ्या होत्या. ‘मराठी ब्लॉग विश्व’सारख्या संकेतस्थळावर नव्या नोंदी दिसत. गूगल रीडरमध्ये आपण निवडलेल्या ब्लॉगांचं नवं लेखन एका ठिकाणी जमा होई. प्रत्येक ब्लॉगच्या कडेला त्या लेखकाच्या आवडत्या ब्लॉगांची यादी असे, आणि एका घरातून दुसऱ्या घरात जावं तसं आपण त्या यादीतून पुढे जायचो. जे आधी लिहिलं ते खाली, जे नंतर लिहिलं ते वर, एवढाच क्रम. काल पहिली नोंद लिहिणारी मुलगी आणि नावाजलेला लेखक एकाच रांगेत असत. १ जुलै २०१३ ला गूगल रीडर बंद झालं. तोवर ब्लॉगखालच्या प्रतिक्रियाही फेसबुकवर जाऊ लागल्या होत्या. लेख इथे आणि त्यावरचं बोलणं तिथे, अशी फारकत झाली. लेख आजही आहे. त्यावर झालेला वाद, कुणी दिलेली दुरुस्ती, कुणी सांगितलेली आठवण आता कुठे शोधायची?

उत्साही : त्या काळाबद्दल मलाही जिव्हाळा आहे, पण तेव्हा तिथे कोण होतं तेही पाहा. संगणक हाताशी असलेले, बरहा किंवा ‘गमभन’वर देवनागरी टंकायला शिकलेले, बरेचसे पुण्या-मुंबईतले किंवा परदेशात नोकरी करणारे. देवनागरी लिहिता येणं हीच तेव्हा एक पात्रता होती. स्मार्टफोनवर मराठी कळफलक आला, बोलून टंकण्याची सोय आली आणि २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला. मग जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक लिहू लागले, परिचारिका लिहू लागल्या, ऊसतोडीच्या फडावर वाढलेली मुलं लिहू लागली. यातले बहुतेक जण आधी फेसबुकवर लिहीत होते. कुणीतरी त्यांना म्हणालं, हे वाहून जाईल, कुठेतरी नीट ठेवा, आणि मग त्यांनी ब्लॉग काढला. म्हणजे समाजमाध्यमांनी ब्लॉगची माणसं पळवली हे खरं असेल, तर ब्लॉगला नवी माणसं दिली हेही तितकंच खरं आहे.

साशंक : हे मी मानते, आणि त्याचं मोल मोठं आहे. पण या माध्यमांचं काम कसं चालतं ते पाहिल्यावर तुमच्या ‘जाऊन सांगण्याचं’ काय होतं तेही कळतं. ही माध्यमं जाहिरातीवर चालतात. वाचक जितका वेळ तिथे थांबेल तितका त्यांचा फायदा. तुमची लिंक वाचकाला बाहेर नेते. फेसबुकनं जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केलं की आता मित्र आणि नातेवाईक यांच्या पोस्टना प्राधान्य मिळेल, आणि प्रकाशकांच्या पानांचा वाटा कमी होईल. इन्स्टाग्रामवर फोटोखालच्या मजकुरात दिलेल्या पत्त्यावर बोट टेकवून सहसा कुठे जाता येत नाही. एक्सनं २०२३ मध्ये काही काळ लिंकसोबत दिसणारा लेखाचा मथळाच काढून टाकला होता. अशा ठिकाणी आपलं लिखाण पुढे यावं म्हणून लेखक काय करतो? पहिल्या दोन ओळी टोकदार करतो, कारण त्यानंतर मजकूर दुमडलेला असतो. त्या दिवशी ज्यावर सगळे बोलत आहेत त्याच विषयावर लिहितो. आपल्या भागातल्या ओढ्याबद्दल लिहायचं मनात असतं, पण ओढ्यावर कुणी थांबत नाही हे त्याला आकड्यांनी शिकवलेलं असतं. प्रसार करता करता लेखनाचा विषयच बदलतो. माझी भीती ही आहे.

उत्साही : ही भीती खरी आहे, पण तिचं उत्तर बरंचसं कारागिरीत आहे. नुसती लिंक टाकून निघून जाणाऱ्याला कुणी वाचत नाही, आणि वाचूही नये. लेखातला एक परिच्छेद असा निवडायचा, जो एकटाही काही देऊन जाईल. तो वाचून माणूस थांबला तरी त्याचा वेळ वाया गेला नाही असं व्हायला हवं. पुढचं ज्याला हवं तो येईलच. दुसरी गोष्ट पत्त्याची. लेखाचा पत्ता देवनागरीत ठेवला तर तो पाठवताना प्रत्येक अक्षराची, काना-मात्रेसकट, टक्क्याच्या खुणांसह नऊ-नऊ चिन्हं होऊ शकतात. ‘पाऊस’ एवढ्या शब्दाची ३६. अशी माळ पाहून लोक घाबरतात, कुणी फसवतंय असं त्यांना वाटतं. पत्ता रोमन लिपीत आणि छोटा ठेवावा, मथळा देवनागरीत. लेखाला एक चित्र जोडलेलं असावं, म्हणजे लिंक पाठवल्यावर चित्र आणि मथळा दिसतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीतला संदेश ज्यानं आपला नंबर फोनमध्ये जतन केलाय त्यालाच पोहोचतो, हे अनेकांना ठाऊक नसतं, आणि मग ते उत्तराची वाट पाहत बसतात.

आणि तुमच्या ओढ्याबद्दल सांगतो. रोजच्या चर्चेमागे धावायची गरज नाही, कारण आपल्याकडे पंचांग आहे. पोळ्यावर एकदा मनापासून लिहिलेला लेख दर श्रावणी अमावास्येला पुन्हा वाचकांसमोर ठेवता येतो. आषाढीच्या आधी वारीवरचा, मृगाच्या सुमाराला तुमच्या ओढ्यावरचा, २७ फेब्रुवारीला भाषेवरचा. माध्यमाचा वेग आपण स्वीकारलाच पाहिजे असं नाही. वर्षाच्या फेऱ्याचा वेग धरूनही तिथे राहता येतं.

साशंक : पंचांगाचा विचार मला आवडला. तो मी घेईन. पण आता व्हॉट्सअ‍ॅपकडे वळू, कारण मराठी वाचनाचा फार मोठा भाग तिथे होतो आणि लेखकाची सर्वांत मोठी हानीही तिथेच होते. लिंक उघडायचा लोकांना कंटाळा, म्हणून कुणीतरी पूर्ण लेख उतरवून पाठवतं. दुसऱ्या-तिसऱ्या हाताला लेखकाचं नाव गळतं. पुढे कुणाला तरी वाटतं की एवढं चांगलं लिहिलंय तर ते पु. लं.चं किंवा व. पु. काळ्यांचं असणार, आणि तसं नाव चिकटतं. पु. ल. २००० साली गेले, व. पु. २००१ साली. व्हॉट्सअ‍ॅप त्या दोघांनीही पाहिलं नाही, तरी त्यांच्या नावावर तिथे नवं लेखन येतच राहतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५७ आहे. कृती आपली असल्याचं सांगण्याचा आणि तिची मोडतोड झाल्यास दाद मागण्याचा लेखकाचा हक्क त्यात मानलेला आहे, हक्क विकल्यानंतरही. पण दाद मागायची कुणाकडे? हजार जणांनी पुढे पाठवलेल्या मजकुराला आरोपी नसतो. २०१८ मध्ये भारतात एकावेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा आली, २०२० मध्ये खूप फिरलेले संदेश एकेकाच ठिकाणी पाठवता येऊ लागले. त्यानं वेग कमी झाला. गळलेलं नाव परत आलं नाही.

उत्साही : यावर उपाय आपल्याच परंपरेत आहे. संतांनी अभंगाच्या शेवटच्या चरणात आपलं नाव गुंफलं. नामदेव, तुकोबा, जनाबाई, चोखोबा, सगळ्यांनी. छपाई नव्हती, मुखपृष्ठ नव्हतं, गाणारा एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचा, आणि तरी नाव टिकलं, कारण ते काढलं तर चरण मोडतो. आपणही लेखाच्या तळाशी नाव लिहून समाधान मानू नये. मजकुराच्या पोटात आपलं गाव, आपल्या ब्लॉगचं नाव, मागच्या लेखाचा उल्लेख असा विणावा की तो काढताना वाक्यच तुटावं.

साशंक : सुंदर उपाय आहे, पण तो पुरा पडला नाही, हेही आपल्याच परंपरेनं दाखवलं आहे. नामदेवांच्या गाथेत नंतरच्या विष्णुदास नामाच्या रचना मिसळल्या. तुकोबांच्या नावावरचे कोणते अभंग त्यांचे आणि कोणते मागाहून आलेले, यावर अभ्यासक आजही वाद घालतात. नाव मजकुरात गुंफलं तर ते टिकतं खरं, पण दुसऱ्याच्या रचनेवरही जाऊन बसतं. शिवाय संतांना नावामागे कुणी आपल्या घरी यावं अशी अपेक्षा नव्हती. तुम्हाला वाचक ब्लॉगवर यायला हवा आहे. तेव्हा नाव टिकवणं आणि नातं जोडणं ही दोन कामं वेगळी आहेत, हे आधी मानू या.

उत्साही : मानतो. आणि नात्याचाच विचार करायचा तर समाजमाध्यमांचा मला सर्वांत मोठा उपयोग वाटतो तो वाचक मिळवण्यात नाही, दुसरे लिहिणारे शोधण्यात आहे. इंदूरची मराठी, बडोद्याची मराठी, फोंड्याला बसून मराठी आणि कोंकणी दोन्हींत लिहिणारे, अमेरिकेतल्या मराठी शाळेत शिकवता शिकवता लिहिणाऱ्या बाया, हे सगळे एकमेकांना कसे सापडले असते? त्यासाठी रीत मात्र पाळावी लागते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाई शेजारणीकडे जाते, वाण घेते, मग शेजारीण तिच्याकडे येते. जी कुणाकडे जात नाही तिच्याकडे कोण येणार? तसं आधी दुसऱ्याचं वाचावं. ‘छान’, ‘मस्त’ एवढं म्हणून निघू नये. काय पटलं, कुठे अडलं, कोणती माहिती आपल्याकडे जास्तीची आहे ते चार ओळींत लिहावं. आपल्या पुढच्या लेखात त्याचा नावानं उल्लेख करावा, त्याचा पत्ता द्यावा. मराठी ब्लॉगांवर एकमेकांना ‘खो’ द्यायची प्रथा होती. एकानं विषय उचलायचा, लिहायचं आणि पुढच्याचं नाव घ्यायचं. ‘रेषेवरची अक्षरे’ या अंकात ब्लॉगांवरचं निवडक लेखन दिवाळीला एकत्र येई. लिहिणाऱ्यांनीच लिहिणाऱ्यांना वाचून वर आणलं होतं. ते आजही करता येईल, आणि आज त्यात सामील होऊ शकणारी माणसं कितीतरी जास्त आहेत.

साशंक : तुम्ही सांगता ती रीत मी कमी पाहते. जास्त दिसतो तो व्यवहार. तुम्ही माझ्या पोस्टवर अंगठा उमटवा, मी तुमच्या. ब्लॉगरांच्या गटात प्रत्येक जण आपली लिंक टाकतो आणि निघून जातो. तिथे सगळे सांगणारे असतात, ऐकणारा एकही नसतो. खोटं कौतुक मिळालं की लिहिणाऱ्याची वाढ थांबते. मायबोली १९९६ पासून चालू आहे. तिथे आणि मागाहून आलेल्या ‘मिसळपाव’सारख्या ठिकाणी नवख्यावर कडक टीका व्हायची, कधीकधी जास्तच कडक. पण लोक पूर्ण वाचून बोलत. दुसरं म्हणजे, ही नाती ज्यांच्या आवारात आपण जोडतो ते आवार आपलं नाही. ऑर्कुटवर मराठीचे केवढे समुदाय होते. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं. गूगल प्लस २ एप्रिल २०१९ ला गेलं. २९ जून २०२० ला सरकारनं ५९ अ‍ॅपांवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं, आणि आपल्या खेड्यापाड्यांतल्या ज्या मुलामुलींनी तिथे चाहते जमवले होते त्यांच्या हातातून ते सगळे एका रात्रीत गेले. त्यांच्याकडे कुणाचाही ई-मेल नव्हता.

उत्साही : हा तुमचा सर्वांत बळकट मुद्दा आहे. पण तो ब्लॉगलाही लागू होतो. ब्लॉगर ही सेवा २००३ पासून गूगलची आहे, आणि बरेच मराठी ब्लॉग तिथेच आहेत. जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं तेव्हा लोकांची स्वतःची म्हणून बनवलेली पानंच गेली. स्वतःच्या नावाचा पत्ता विकत घेतला तरी दर वर्षी पैसे भरावे लागतात. लेखक आजारी पडला, गेला, मुलांना पासवर्ड माहीत नाही, की संपलं. उलट दिवाळी अंक मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या ठिकाणी कपाटात असतो, आणि घरच्या रद्दीतूनही एखादी प्रत वाचते. छापील मजकूर तगतो तो अनेक प्रतींमुळे. मग तुमचा लेख अनेक फोनांत, अनेक गटांत पोहोचला असेल तर तोही अनेक प्रतींत आहे. तुम्ही ज्याला चोरी म्हणता तेच कदाचित त्याचं आयुष्य असेल.

साशंक : कपाटातल्या प्रतीवर लेखकाचं नाव असतं, साल असतं, आणि ती शोधली तर सापडते. फोनातली प्रत शोधता येत नाही. फेसबुकवरची पाच वर्षांपूर्वीची पोस्ट तिच्या लेखकालासुद्धा धड मिळत नाही. उलट ब्लॉगवर दहा वर्षांपूर्वी कुणी एखाद्या गावातल्या बारवेबद्दल लिहिलं असेल, तर त्या बारवेचं नाव गूगलमध्ये टाकणारा माणूस आज रात्री तिथे पोहोचतो. त्याला लेखक माहीत नसतो, कुणी शिफारस केलेली नसते. त्याला बारव हवी असते आणि लेख त्याला बारव देतो. हा वाचक कुठल्याही प्रसारातून येत नाही, म्हणून त्याच्यासाठी लेख जागेवर राहिला पाहिजे, पत्ता बदलता कामा नये. जागा आपली नाही हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. म्हणून मी दोन गोष्टी सुचवते. सगळ्या लेखनाची प्रत वेळोवेळी उतरवून घरी ठेवावी, तशी सोय ब्लॉगर आणि वर्डप्रेस दोन्हींत आहे. आणि वाचकांना ई-मेलनं लेख मिळण्याची सोय द्यावी, म्हणजे त्यांचे पत्ते आपल्याकडे राहतात. फेसबुकवर लेखाबद्दल काही मोलाचं बोलणं झालं, तर त्या माणसाची परवानगी घेऊन ते लेखाच्या खाली उतरवावं. बोलणं तिथे होऊ दे. टिकू दे मात्र इथे.

उत्साही : हे मला पूर्ण पटतं. म्हणजे भांडण मिटलं असं वाटेल, पण एक गोष्ट राहतेच. एक बाई आहे, सातारा जिल्ह्यातल्या एखाद्या गावात. ती कधीही ब्लॉगवर येणार नाही, ई-मेल उघडणार नाही. तिच्या बहिणीनं पाठवलेला माझा लेख, नाव गळलेला, तिनं दुपारी पूर्ण वाचला आणि तिला तो लागला. तिनं तो जावेला पाठवला. मला हे कधीच कळणार नाही. ही माझी वाचक आहे की नाही? मी म्हणतो, आहे. तिच्यापर्यंत जायची वाट मी केवळ माझं नाव राहत नाही म्हणून बंद करणार नाही.

साशंक : ती मजकुराची वाचक आहे, याबद्दल मला शंका नाही. तुमची आहे का, ते सांगता येत नाही. लेखात चूक असेल तर ती बाई तुम्हाला दुरुस्ती कळवू शकणार नाही. पुढचा लेख तिच्याकडे जाईल याची खात्री नाही. तिच्याकडे जे सांगण्यासारखं आहे, आणि नक्की काहीतरी असेल, ते तुमच्यापर्यंत येणार नाही. भाषेच्या दृष्टीनं पाहिलं तर तिनं मराठीत दोन पानं मन लावून वाचली, एवढं पुरे आहे. लिहिणाऱ्याच्या दृष्टीनं ते पुरत नाही, कारण लिहिणारा वाढतो तो परत येणाऱ्या वाचकामुळे आणि उलटून बोलणाऱ्या दुसऱ्या लिहिणाऱ्यामुळे. भाषेची गरज आणि लेखकाची गरज इथे वेगळ्या वाटांनी जातात. कुठली आधी, याचं सर्वांना लागू होणारं उत्तर माझ्याकडे नाही. प्रत्येक लेखाच्या वेळी ते नव्यानं ठरवावं लागेल, असं मला वाटतं.

उत्साही : मग आधी मी भाषेची बाजू घेईन, तुम्ही लेखकाची घ्या. पण लिहिणाऱ्या प्रत्येकाला एक विनंती आपण दोघंही करू शकतो. आज आपली लिंक कुठेही टाकण्याआधी दुसऱ्या कुणाचा तरी एक मराठी ब्लॉग उघडा, एक लेख शेवटपर्यंत वाचा, त्याखाली स्वतःच्या नावानं चार खरी वाक्यं लिहा, आणि तो पुढे पाठवाल तेव्हा लेखकाचं नाव आणि लेखाचा पत्ता सोबत ठेवा.